दुर्योधन पडला तेव्हा

गोष्ट १९९० सालची. पावसाळा तोंडावर आला होता. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजून गेलेले. शिवडीच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही तीस-पस्तीस माणसं बसलो होतो. बीडीडी चाळीतली खोली म्हणजे किती, तर १६० चौरस फूट. त्यात कपाट, कॉट, मोरी, ओटा आणि उरलेल्या जागेत आम्ही. मुलं पुढे, बायका भिंतीला टेकून, पुरुष कॉटवर आणि दारात. दूरदर्शनवर ‘महाभारत’ चालू होतं आणि भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध रंगात आलं होतं. बघता बघता भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर बसली आणि तो कोसळला.

या घावाची आम्ही किती महिने वाट पाहिली होती म्हणून सांगू! द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा भाग झाला त्या रविवारी चाळीतल्या कितीतरी बायकांना दुपारी घास गेला नव्हता. भीमानं मांडी फोडायची प्रतिज्ञा केली तेव्हा याच खोलीत टाळ्या कडाडल्या होत्या. समोरच्या काकींनी तर जाहीर केलं होतं, की याची मांडी फुटू दे, मी नारळ फोडीन. आता मांडी फुटली, आणि खोली चिडीचूप. टाळी वाजली ती एकच. म्हणजे एकाच माणसानं वाजवली आणि इतर कुणी वाजवत नाही असं बघून हात मांडीवर ठेवले. नारळाचं नाव कुणी काढलं नाही.

मी तेव्हा दहावीत होतो. पुढे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्या निमित्तानं महाभारत मुळातून वाचायचा योग आला. पण ती शांतता डोक्यातून गेली नाही. जो माणूस पडावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसले होते, तो पडल्यावर ते गप्प का झाले? आज तुमच्याशी बोलायचं आहे ते एवढ्याच प्रश्नाबद्दल.

मालिकेबद्दल फार सांगायला नको. बी. आर. चोप्रांची निर्मिती, रवी चोप्रांचं दिग्दर्शन, राही मासूम रझांचे संवाद. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली, २४ जून १९९० ला संपली, एकूण ९४ भाग. बघायला फक्त दूरदर्शन, आणि चुकलेला भाग पुन्हा बघायची सोय नाही. नऊ वाजता शिवडी नाक्यावर बस रिकाम्या धावायच्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना आठवतच असेल. मला सांगायचं आहे ते बघणाऱ्यांबद्दल.

आमच्या मजल्यावर निम्मी घरं सिंधुदुर्गातली होती आणि निम्मी घाटावरची, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. दोघांची बघण्याची शिस्त वेगळी. कोकणातला माणूस दशावतार बघत वाढलेला. जत्रेच्या रात्री देवळासमोर एक बाकडं, एक पडदा, पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्रभर चालणारा खेळ. लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतो. देव आणि दैत्य यांचं युद्ध हा त्या खेळाचा प्राण. मृदंगाच्या ठेक्यावर गिरक्या घेत लढाई चालते, आणि बघणाऱ्यांना दैत्य मरणार हे आधीपासून ठाऊक असतं. त्यामुळे कोण जिंकलं याला महत्त्व नसतं. दैत्य किती रंगला, मरताना किती ताठ मेला, यावर पहाटे चहा पिताना चर्चा होते. दशावतारात दैत्याचं काम करणारा नट गावात मानाचा असतो, हे कोकणाबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

घाटावरच्या माणसाची शिस्त कुस्तीच्या फडातली. तिथं निकाल आधी माहीत नसतो, पण नियम सगळ्यांना पाठ असतात. पाठ टेकली की संपलं. पंचाच्या आधी हजार माणसं ओरडून निकाल देतात. पैलवान हरला तरी चालतो, पण त्यानं लबाडी केली तर गाव त्याला विसरत नाही.

गदायुद्धाच्या भागात या दोन्ही शिस्ती एकाच खोलीत एकत्र आल्या. निकाल माहीत होता, म्हणजे दशावतार. आणि नियमही माहीत होता, म्हणजे कुस्ती. गदायुद्धात नाभीच्या खाली वार करायचा नाही, एवढा तो एकच नियम. आपण मराठीत कमरेखाली वार म्हणतो, तो हाच.

आता ज्यांनी हे युद्ध पडद्यावर केलं ते दोघे बघा. मालिकेतल्या बाकीच्या लढायांत बाण आकाशात एकमेकांना भिडायचे, ठिणग्या उडायच्या, अस्त्रातून अस्त्र निघायचं. आम्हा मुलांना त्याचं भारी कौतुक, मोठी माणसं मात्र गालात हसायची. गदायुद्धात ही सोय नव्हती. तिथं दोन खरी शरीरं लागतात, आणि तशी ती मिळाली होती. भीम झालेले प्रवीणकुमार सोबती हे थाळीफेकीतले खेळाडू. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत त्यांनी थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलं होतं, मेक्सिको आणि म्युनिकच्या ऑलिंपिकला गेले होते. दुर्योधन झालेले पुनीत इस्सर यांना तर लोक आधीपासून ओळखत होते, पण भलत्याच कारणानं. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात ज्यांच्याबरोबरच्या मारामारीत अमिताभ बच्चन जिवावरच्या दुखण्यात पडले, ते हेच. आमच्या मजल्यावरच्या बायका पहिले कित्येक भाग त्यांना दुर्योधन म्हणतच नव्हत्या, ‘तो अमिताभला मारणारा’ म्हणायच्या. तेव्हा या माणसाबद्दल मायेचा उमाळा येण्याचं काही कारण नव्हतं.

कर्णाचं एक वेगळं होतं. काही रविवार आधीच कर्ण मेला, रथाचं चाक रुतलेलं असताना, आणि तेव्हा खोलीत उघड रडारड झाली. त्याचं नवल वाटलं नाही. मराठी वाचकाला शिवाजी सावंतांनी १९६७ सालीच ‘मृत्युंजय’ लिहून कर्णाच्या बाजूनं बसवलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वाचनालयातली ती प्रत इतक्या हातांतून गेली होती, की शेवटची पानं दोऱ्यानं शिवलेली होती. कर्णाला वकील होता. दुर्योधनाला कुणी नव्हता. तरी खोली गप्प झाली, म्हणून ती शांतता मला जास्त मोलाची वाटते.

आता ती एक टाळी कुणाची, ते सांगायला हवं. टाळी वाजवली ती खोलीच्या मालकांनी, म्हणजे ज्यांचा टीव्ही होता त्या काकांनी. आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात माझे वडील होते आणि हे काकाही होते, एकाच गिरणीत, एकाच खात्यात. काही महिन्यांनी काका कामावर परत गेले. वडील गेले नाहीत. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, तो विरून गेला, आणि वडिलांची नोकरीही त्याच्याबरोबर गेली. नंतर ते बंदराकडच्या एका गोडाऊनवर राखणदार म्हणून लागले. काकांच्या घरी रंगीत टीव्ही आला, आमच्याकडे रेडिओच राहिला. आई आणि आम्ही भावंडं दर रविवारी काकांकडे जाऊन बसायचो. काकी हौसेनं बोलवायच्या, चहाही द्यायच्या. वडील मात्र उंबऱ्याच्या बाहेर, पॅसेजमध्ये उभे राहून बघायचे. आठ वर्षांत ते त्या खोलीत गेले नव्हते आणि काकांशी एक शब्द बोलले नव्हते. कुणी आग्रहही करत नसे. चाळीत अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी बोलून दाखवत नाही.

तर दुर्योधन पडला, काकांनी टाळी वाजवली, आणि पॅसेजमधून वडिलांचा आवाज आला, “ही काय लढत झाली व्हय? फडात असं केलं तर दोन्ही गावं मिळून हाकलून देतील.”

काका कॉटवरून उठले नाहीत. टीव्हीकडे बघतच म्हणाले, “अभिमन्यूक मारल्यानी तेव्हा खंय होते नियम?”

“त्यांनी मोडला म्हणून आपण बी मोडायचा? मग फरक काय ऱ्हायला?”

“एक जगलो, एक मेलो. हो फरक.”

खोलीत कुणी हललं नाही. बोलणं भीमावरून चाललं आहे, पण भीमाबद्दल नाही, हे पंधरा वर्षांच्या मलासुद्धा कळलं. ते भांडण पुढे तीन आठवडे चाललं. नळावर, जिन्यात, रेशनच्या रांगेत. पण आठ वर्षांत जे दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, ते आता रोज भांडत होते.

ही आमच्या चाळीची गोष्ट झाली. पण पुढे शल्यपर्व वाचताना मी चमकलो, ते वेगळ्याच गोष्टीनं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यातल्या शल्यपर्वाचं संपादन रा. ना. दांडेकरांनी केलं आहे. त्यातलं गदायुद्ध वाचलं आणि लक्षात आलं, की आमच्या खोलीत जे जे झालं ते सगळं तिथं आधीच लिहिलेलं आहे. हे युद्ध निर्जन जागी होतच नाही. सगळे योद्धे गोल करून बघायला बसतात. आणि ऐन वेळी एक खास प्रेक्षक येऊन पोचतो, तो म्हणजे बलराम.

बलराम युद्धात कुणाच्याच बाजूनं लढला नाही. तो तीर्थयात्रेला गेला होता आणि बेचाळिसाव्या दिवशी परत आला, नेमका या द्वंद्वाच्या वेळी. भीम आणि दुर्योधन दोघंही गदायुद्धात त्याचे शिष्य. म्हणजे दोघांना शिकवणारा गुरू आणि कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस, असा पंच व्यासांनी खास आणून बसवला आहे. युद्ध कसं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडतं.

युद्धाच्या आधीही एक प्रसंग आहे. दुर्योधन सरोवरात लपलेला असतो. तो सापडल्यावर युधिष्ठिर त्याला म्हणतो, आमच्यातल्या कुणाही एकाशी लढ, हवं ते शस्त्र घे, जिंकलास तर राज्य तुझं. यावर कृष्ण चिडतो. हा पुन्हा जुगारच मांडलास, असं त्याचं म्हणणं. आणि तो सांगतो, की भीमात बळ जास्त आहे पण कसब दुर्योधनात जास्त आहे, तेरा वर्षं तो लोखंडाचा भीम करून त्याच्यावर गदा चालवत आला आहे. भीमाला सरळ लढून जय मिळणार नाही, हे तिथंच उघड होतं. लोकांच्या तोंडी गोष्ट अशी आहे, की कृष्णानं मांडीवर हात मारून खूण केली. संहितेत मात्र कृष्ण अर्जुनाला प्रतिज्ञेची आठवण देतो आणि स्वतःच्या डाव्या मांडीवर थाप मारतो तो अर्जुन. दुर्योधनाचं शरीर गांधारीच्या दृष्टीनं वज्राचं झालं आणि तेवढी मांडी राहिली, ही मालिकेत दाखवलेली गोष्टही चिकित्सक आवृत्तीत नाही. ती नंतरच्या लोकांनी रचली असावी. लोकांना अशी गोष्ट का लागली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मांडीशिवाय दुसरीकडे मारण्यासारखी जागाच नव्हती असं म्हटलं, की भीमाचा दोष थोडा हलका होतो. मला तरी तेच कारण दिसतं.

दुर्योधन पडल्यावर भीम त्याच्या डोक्यावर डावा पाय मारतो. हे बघणाऱ्या पांडवांच्या माणसांनाही रुचत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. युधिष्ठिर भीमाला आवरतो. आणि बलराम नांगर उगारून भीमावर धावून जातो. कृष्ण त्याला मिठी मारून धरतो आणि समजावतो, प्रतिज्ञा होती, मैत्रेयांचा शाप होता, कलियुग जवळ आलं आहे. बलरामाचं समाधान होत नाही. कपटानं लढणारा म्हणून भीमाची जगात ख्याती होईल, असं बोलून तो रथात बसतो आणि द्वारकेला निघून जातो. पुढे दुर्योधन कोपरांवर उठून कृष्णाला एकेका कपटाचा हिशेब विचारतो, भीष्म कसे पाडलेत, द्रोण कसे, कर्ण कसा. आणि त्यानंतर आकाशातून फुलं पडतात. कुणावर? तर दुर्योधनावर. ते बघून पांडव खाली मान घालतात. मग कृष्ण त्यांना सांगतो, की हे सगळे सरळ युद्धात तुम्हाला मारता आले नसते.

म्हणजे चिडून निघून गेलेला बलराम तिथं आहे, जिंकणं महत्त्वाचं म्हणणारा कृष्ण तिथं आहे, आणि काय करावं न कळून मान खाली घालणारे बाकीचेही आहेत. वडील, काका आणि आमची खोली. मालिका कशीही काढली असती, प्रसंगात ती अढी आहेच. व्यासांनी जिंकणाऱ्याला जय दिला आणि फुलं हरणाऱ्याला दिली. टाळी कुणासाठी वाजवायची हे बघणाऱ्याला कळू नये, अशीच ती मांडणी आहे.

ही अढी आमच्या चाळीलाच जाणवली असंही नाही. भासाच्या नावावर ‘ऊरुभंग’ नावाचं छोटं संस्कृत नाटक आहे. भासाची नाटकं १९१२ साली त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्र्यांनी प्रसिद्ध केली तेव्हा ती लोकांसमोर आली. ऊरुभंग म्हणजे मांडी फुटणं. त्यात मांड्या फुटून पडलेल्या दुर्योधनाजवळ त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि सवयीनं मांडीवर बसायला बघतो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. ज्या मांडीवर द्रौपदीला बसायला सांगितलं होतं, तीच ही मांडी. नववीच्या वर्गात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची. आपल्या शेजारच्या कानडीत दहाव्या शतकाच्या शेवटी रन्न कवीनं ‘गदायुद्ध’ नावाचं काव्यच लिहिलं. आपल्या आश्रयदात्या चालुक्य राजाला भीमाची उपमा द्यायची म्हणून लिहिलेलं, तरी वाचणाऱ्याच्या मनात उरतो तो दुर्योधन. आणि आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या दुरगावात, दुर्योधनाचं देऊळ आहे. हरलेल्याची अशी आठवण ठेवणारी माणसं पूर्वीपासून आहेत.

बऱ्याच वर्षांनी, २०१४ साली, हीच शांतता मला एकदा वेगळ्या रूपात भेटली. माझा भाचा कॉलेजात होता. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही इंग्रजी मालिका त्या वेळी तरुण मुलांत फार चालायची. राजे, सरदार, किल्ले, ड्रॅगन असं मध्ययुगासारखं पण सगळं कल्पनेतलं जग. एका सकाळी तो लॅपटॉपसमोर बसला होता आणि अचानक उशी भिंतीवर फेकून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आई हाक मारतेय तरी जेवायला येईना. मला वाटलं, परीक्षेचा निकाल लागला. विचारलं तर म्हणाला, “मामा, ओबेरिन मेला.”

मग त्यानं मला तो भाग दाखवला. एका निरपराध माणसावर खुनाचा आरोप आहे आणि निवाडा द्वंद्वयुद्धानं व्हायचा आहे. अशी पद्धत युरोपात मध्ययुगात खरोखरच होती. जो खरा त्याच्या पाठीशी देव उभा राहील आणि तो जिंकेल, अशी समजूत. इंग्लंडच्या कायद्यातून ती पद्धत रीतसर गेली ती थेट १८१९ साली. तर आरोपीच्या बाजूनं ओबेरिन नावाचा राजपुत्र भाला घेऊन उतरतो. समोर ‘माउंटन’ म्हणून ओळखला जाणारा राक्षसासारखा सरदार. ही भूमिका आइसलँडच्या ब्यॉर्नसन नावाच्या माणसानं केली होती, जो पुढे २०१८ साली जगातला सर्वांत ताकदवान माणूस ही स्पर्धा जिंकला. म्हणजे तिथंही खरं शरीरच शोधावं लागलं. या सरदारानं ओबेरिनच्या बहिणीवर अत्याचार करून तिला मारलेलं असतं. ओबेरिन त्याला पाडतो, जिंकल्यातच जमा असतो. पण त्याला नुसतं मारायचं नाही. तिचं नाव घे, गुन्हा कबूल कर, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. त्या हट्टात जवळ जातो, आणि पडलेला राक्षस त्याला पकडून ठार करतो. कसं, ते रविवारच्या सकाळी सांगण्यासारखं नाही.

भीमाची आणि याची तुलना मला तिथल्या तिथे सुचली. दोघांच्या मनात एका बाईच्या अपमानाचा जुना हिशेब आहे. भीमानं नियम मोडला आणि जिंकला. ओबेरिनला नुसती जीत पुरेशी वाटली नाही, त्याला सत्य वदवून घ्यायचं होतं, आणि तो मेला. भाच्यानं उशी फेकली ती अनपेक्षित झालं म्हणून. ज्या पुस्तकावरून ती मालिका निघाली ते २००० सालीच छापलेलं होतं, पण त्यानं वाचलं नव्हतं. परदेशात तर पुस्तक वाचलेले लोक न वाचलेल्या मित्रांचे चेहरे अशा भागांच्या वेळी गुपचूप कॅमेऱ्यात टिपायचे. म्हणजे बघणाऱ्यांना बघणं हाही एक खेळ झाला. आमच्याकडे चकित व्हायला जागाच नव्हती. दुर्योधन मरणार हे आम्हाला चालता-बोलता यायला लागल्यापासून माहीत होतं. आणि तरी तो धक्का बसलाच. काय होणार हे माहीत असणं वेगळं, आणि ते आपल्या बाजूच्या माणसानं असं केलेलं डोळ्यांनी बघणं वेगळं.

भाच्याचं दुःख मात्र दुपारपर्यंत टिकलं. संध्याकाळी त्यानं तोच तुकडा आणखी दोन मित्रांना दाखवला आणि तिघांनी मिळून भज्यांची प्लेट संपवली. आम्हाला तो घाव पुन्हा बघायची सोय नव्हती. म्हणून तो बोलूनच पुन्हा पुन्हा घालावा लागला.

काका आणि वडिलांचं राहिलंच. त्या भागानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे जाऊन बसलो. थोड्या वेळानं वडील आले, चपला पॅसेजमध्ये काढल्या आणि आत येऊन जमिनीवर बसले. काकांनी कॉटवर जागा केली. वडील म्हणाले, “असू दे, हितनं चांगलं दिसतंय.” बस. आई नंतर घरी विषय काढायला लागली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

२०२० साली टाळेबंदी लागली आणि मार्चच्या शेवटी दूरदर्शननं ‘महाभारत’ पुन्हा सुरू केलं. वडील तोवर गेले होते. काका कणकवलीकडे गावी राहायला गेले होते, ऐंशीच्या घरात होते. गदायुद्धाचा भाग झाला त्या संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. बघितलात का, विचारलं. म्हणाले, बघितलो. दुर्योधनाचं काम बरं केलंय हां त्यानं, असंही म्हणाले. तीस वर्षांपूर्वी हे त्यांच्या तोंडून ऐकलं नसतं. मग मी धीर करून विचारलं, की काका, तुम्ही त्या दिवशी टाळी वाजवलीत, एकट्यानंच, आठवतं का?

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन तुटला.

“ती टाळी कसली रे,” काका म्हणाले. “डास मारलंय मी. शिवडीत डास काय कमी होते?”